यान्बूच्या गच्चीवरचा रेडिओ

माझ्या नवऱ्याला माझा रेडिओ दिसला त्या दिवसापासून खुपला. समोर बोलताना मी त्याला अहो म्हणते. माहेरचं वळण आहे, भांडतानाही सुटत नाही. इथे लिहिताना मात्र मी त्याला तो म्हणणार आहे.

तो इमर्जन्सीचा डॉक्टर. सांगलीतलं हॉस्पिटल सोडून आम्ही सौदी अरेबियात, यान्बूला आलो, तेव्हा एका खासगी कंपनीच्या हेलिकॉप्टर अँब्युलन्सवर त्याला काम मिळालं होतं. कारखान्यात कुणी भाजलं, उंचावरून पडलं, किंवा वाळवंटातल्या रस्त्यावर गाड्या धडकल्या, की हा उडायचा आणि पेशंटला मदिनेच्या नाहीतर जेद्दाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचा. मुलगा पुण्यात शिकायला. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, ती नोकरी सोडून आले होते. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, मी कुणाची तरी बायको होते, त्यामुळे काम करायची परवानगी नव्हती.

तो घरी यायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि जेवायला बसायचा.

"कसा गेला दिवस?"

"काही नाही."

अंगाला डिझेलचा वास, शर्टाच्या बाहीवर कुणाचं तरी रक्त, आणि म्हणे काही नाही. सुरुवातीला मला वाटायचं, दमलेला असेल. मग कळलं की आम्ही राहायचो त्या कंपाउंडमध्ये चहाला बसला की तो सगळं सांगतो, इतर डॉक्टरांना हसवतो सुद्धा. घरी आल्यावरच त्याचं तोंड मिटायचं.

तो रेडिओ मी एका फिलिपिनो नर्सकडून घेतला. ती कायमची परत चालली होती आणि घरातलं सामान विकत होती. साधाच, हातात मावणारा रेडिओ, पण त्यावर 'एअर' असं लिहिलेली एक पट्टी होती. विमानं ज्या लहरींवर बोलतात ती. माझे वडील पोलीस वायरलेसमध्ये होते. खरखरीतून शब्द वेचायची कानाला लहानपणापासून सवय. तरीही पहिला आठवडाभर मला नुसतेच आकडे ऐकू येत होते. हळूहळू लक्षात आलं, कोण उतरतंय, कोण चढतंय, कोण मदिनेकडे वळतंय. उमऱ्याच्या यात्रेकरूंनी भरलेली विमानं दिवसभर डोक्यावरून जायची. पायलट आधी सलाम घालायचे, खालचा माणूस सलाम परतवायचा आणि मग कामाचं बोलायचे. जमिनीवरच्या माणसाचा आवाज माझ्यापर्यंत पुसटच यायचा. वरच्याचा स्वच्छ.

त्यातच एक आवाज होता आमच्या हेलिकॉप्टरच्या कॅप्टनचा. दक्षिण आफ्रिकेचा माणूस, आमच्याच कंपाउंडमध्ये एकटा राहायचा. जाड, घोगरा आवाज. तो बोलला की मला कळायचं, माझा नवरा आता हवेत आहे.

एकदा नवरा अवेळी घरी आला. रेडिओ ओट्यावर चालू होता.

"हे काय?"

"रेडिओ."

"कसला आवाज आहे हा?"

"विमानांचा. तुम्ही सकाळी मदिनेला गेलात ना? पेशंट घेऊन गेलात, रिकामे परत आलात."

त्याचा चेहरा असा झाला जणू मी त्याचे खिसे तपासताना सापडले.

"माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"तुम्ही सांगत नाही म्हणून ऐकते."

"आपण कुठल्या देशात आहोत याचं भान आहे का तुला? उद्या कुणी तक्रार केली तर पोलीस विचारतील, विमानांचं बोलणं ऐकायचं यंत्र घरात कशाला ठेवलंय? माझा इकामा, तुझा इकामा, सगळं खलास. टाकून दे आजच्या आज."

"मग रोज घरी येऊन दोन वाक्यं बोला. मी टाकते."

तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. मी रेडिओ टाकला नाही. गच्चीवर कपडे धुवायची खोली होती, तिथे साबणाच्या खोक्यामागे ठेवला. वर आवाज आणखी चांगला येत होता. रेडिओ वर आहे हे त्याला माहीत होतं. कपडे वाळत घालायला मी किती वेळ लावते हे तो बघत होता. त्यावर तो बोलत नव्हता, पण जेवताना भाजी पुढे सरकवायची असली तरी हातानं न सरकवता चमच्यानं सरकवायचा.

मग ती दुपार आली. उन्हानं गच्चीची फरशी पाय ठेवू देत नव्हती. मी चादरी पिळत होते आणि कॅप्टनचा आवाज आला. नेहमीपेक्षा हळू, एकेक शब्द सुटा. "पॅन पॅन, पॅन पॅन, पॅन पॅन." जीव जायची वेळ आली की पायलट 'मेडे' म्हणतात. त्याच्या एक पायरी खालची ही हाक. गिअरबॉक्सचा इशारा देणारा दिवा लागलाय, बद्र गावाच्या रस्त्याजवळ सपाट जागा बघून उतरतोय, पेशंट सोबत आहे, असं तो म्हणाला. मग आवाज तुटला.

हेलिकॉप्टर डोंगराआड खाली गेलं की आवाज तुटणारच, हे मला समजत होतं. फिजिक्स शिकवलेलं होतं मी. पण हातातली चादर बादलीत पडली आणि मी तशीच उभी राहिले.

थोड्या वेळानं दुसराच आवाज आला. मदिनेकडे चाललेल्या एका प्रवासी विमानाचा पायलट. त्याला वरून हेलिकॉप्टरचं बोलणं ऐकू येत होतं आणि तो ते खालच्या कंट्रोलला पोचवत होता. "हेलिकॉप्टर जमिनीवर, सगळे सुखरूप. पेशंट गंभीर आहे. ऑक्सिजन संपत आलाय. मदतीच्या गाडीबरोबर ऑक्सिजन पाठवा." थोडं थांबून पुन्हा तेच. या वेळी चढ्या आवाजात. "ऑक्सिजन, मी पुन्हा सांगतो, ऑक्सिजन पाठवा."

सगळे सुखरूप हे मी ऐकलं होतं. तरीही मी खाली धावले आणि कंपनीच्या ऑपरेशन मॅनेजरला फोन लावला. तो हिंदीत बोलायचा, नेहमी फार गोड.

"मॅडम, सब नॉर्मल है. थोडा डिले है, बस."

"हेलिकॉप्टर बद्रजवळ उतरलंय. ऑक्सिजन पाठवला का तुम्ही?"

त्याचा गोडवा गेला.

"आपको किसने बोला?"

मी फोन ठेवून दिला. त्या क्षणी मला कळलं की मी नको तिथे तोंड उघडलंय. पण पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तोच फोन करेन, हेही सांगून ठेवते.

नवरा संध्याकाळी आला. केसांत, भुवयांत, कानांत वाळू. बूट दारातच काढून आत आला आणि उभ्याउभ्या पहिलं वाक्य बोलला.

"फोन तू केलास?"

मी म्हटलं, "तुम्ही बरे आहात ना?"

"फोन तू केलास का, एवढंच विचारतोय."

"केला."

"मी मदतीच्या गाडीतून उतरायच्या आधी मला विचारलं गेलं, तुझ्या बायकोला कसं कळलं? पेशंट अजून माझ्या हाताखाली होता. गार होत होता. आणि मला हे विचारत होते."

"पेशंट गेला?"

तो हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आल्यावर भिंतीकडे बघत म्हणाला, "गुहागरकडचा होता. फिटर. वाफ छातीत गेली होती. मराठी ऐकलं आणि माझा हात सोडेना." लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत आपल्या कुठल्याही पेशंटबद्दल त्यानं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी जवळ गेले तर म्हणाला, "लांब राहा."

पुढच्या आठवड्यात कंपनीनं चौकशी बसवली. मॅनेजरचं म्हणणं असं की डॉक्टरला ऑक्सिजन संपत आल्याचं वेळेवर कळलंच नाही, आणि जमिनीवर उतरल्यावर त्यानं मागितलाही नाही. सिलिंडर निघतानाच अर्धा होता आणि मदतीची गाडी रिकाम्या हातानं गेली, ही दोन्ही पापं मॅनेजरची. दोन्ही माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घालायचं चाललं होतं. कॅप्टननं समितीपुढे एवढंच सांगितलं की रेडिओवर काय बोलणं झालं ते त्याला नीट आठवत नाही.

नवरा हे मला सांगत नव्हता. मला शेजारच्या फार्मासिस्टच्या बायकोकडून कळलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ऑक्सिजन मागितला होता. दोनदा. मी ऐकलंय. वरच्या विमानानं निरोप दिला होता."

तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "नीट सांग. शब्द न् शब्द."

मी सांगितलं. इतकं लक्ष देऊन त्यानं माझं आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझं संपल्यावर त्यानं मान हलवली.

"बरोबर आहे. मी कॅप्टनला सांगितलं, त्यानं वरच्या विमानाला. माझ्यासमोर बोलला तो."

"मग चला, मी सांगते समितीला."

"तू कुठेही जायचं नाहीस."

"तुमच्यावर खुनाचा ठपका येतोय!"

"आणि तू काय सांगणार? की मी घरात बसून विमानांचं बोलणं चोरून ऐकते? मग मी खुनी नाही, हेराचा नवरा. छान. त्यापेक्षा खुनी बरा."

"तुम्हाला माझी मदत नकोय, एवढंच आहे ते."

"हो. नकोय."

दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडल्यावर मी कॅप्टनच्या दारात गेले. कंपाउंडमध्ये आम्ही एकमेकांना मान डोलवण्यापलीकडे कधी बोललो नव्हतो. त्यानं दार अर्धंच उघडलं. इंग्रजीत जे बोलणं झालं ते असं.

"त्या दिवशी तुम्ही ऑक्सिजन मागितलात. मी ऐकलं."

"कुठून ऐकलंत?"

"गच्चीवरून. माझ्याकडे रेडिओ आहे. गेली दोन वर्षं मी तुमचा आवाज ऐकते."

तो लाल झाला. माझ्या नवऱ्याला जसं वाटलं होतं तसंच त्यालाही वाटलं, कुणीतरी आपल्या अंगणात उभं राहून खिडकीतून बघत होतं.

"बाई, तुम्हाला हे शोभत नाही."

"आणि तुम्हाला नीट आठवत नाही, हे शोभतं?"

"तुमच्या नवऱ्यासाठी मी माझी नोकरी का घालवू? मॅनेजर म्हणाला, सिलिंडरची तपासणी उड्डाणाआधी मीच करायला हवी होती. मी तोंड उघडलं तर तो मला अडकवणार. मला दोन मुली आहेत."

"मेलेल्या माणसाच्या घरीही कुणी असेल."

"माझ्या दारातून जा."

"जाते. पण ते विमान मदिनेला उतरलं, त्याच्या पायलटलाही आठवत असेल. टॉवरमधल्या माणसालाही. मी एकटीनं ऐकलेलं नाही. उद्या कुणी त्यांना विचारलं तर तुमचं न आठवणं सगळ्यांना दिसेल."

त्यानं माझ्या तोंडावर दार लावलं. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी घरी येऊन भात टाकला. मला राग आलेला होता. मॅनेजरचा, कॅप्टनचा, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा, ज्याच्यासाठी मी लोकांच्या दारात उभी राहत होते.

दोन-तीन दिवसांनी कॅप्टन समितीपुढे परत गेला आणि सगळं खरं सांगितलं. सिलिंडर अर्धा होता, ऑक्सिजन मागितला होता, गाडी तशीच आली. मदिनेच्या बाजूनंही ते खरं निघालं. मॅनेजरला काढलं. माझ्या नवऱ्यावरचा ठपका गेला. पण समितीनं कॅप्टनला विचारलंच, आधी आठवत नव्हतं, आता कसं आठवलं? आणि तो म्हणाला, डॉक्टरच्या बायकोनं रेडिओवर ऐकलं होतं, तिनं आठवण करून दिली.

कंपनीनं गाजावाजा केला नाही. तेवढा त्यांनी माझ्यावर उपकार केला म्हणायचा. एक माणूस येऊन रेडिओ घेऊन गेला. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, ते पुढे चालवलं नाही. आमच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडायचा, शिक्का लागला. सामान बांधताना नवरा म्हणाला, "तुला वाटत असेल तू मला वाचवलंस."

"नाही वाचवलं?"

"तू माझी नोकरी घालवलीस. मी माझ्या पद्धतीनं लढलो असतो."

"तुमची पद्धत मला माहीत आहे. काही नाही, म्हणायचं आणि हात धुवायचे."

त्यानं हातातला टेप खाली फेकला. आम्ही बाकीचं सामान दोन वेगळ्या खोल्यांत बसून बांधलं.

सांगलीला परतल्यावर तो एका हॉस्पिटलात लागला, मी क्लासेस घ्यायला लागले. नातेवाईक विचारायचे, एवढं चांगलं चाललं होतं, परत का आलात? तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हिला विचारा." लोकांना ते थट्टेचं वाटायचं, ते हसायचे. मी पोहे आणायला आत जायचे.

उन्हाळ्यात एक दिवस दारात एक माणूस आला. गुहागरच्या त्या फिटरचा थोरला भाऊ. कंपनीतल्या कुणाकडून तरी पत्ता मिळवून, एसटीनं आला होता. आपला भाऊ कसा गेला ते त्याला ऐकायचं होतं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, चहा केला. नवरा आतल्या खोलीत होता.

मी आत जाऊन सांगितलं. तो पलंगावर बसलेला होता, उठला नाही.

"तू सांग. तुला सगळं माहीत असतं."

मग मी बाहेर येऊन सांगितलं. गिअरबॉक्स, बद्रचा रस्ता, वरचं विमान, सिलिंडर. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. मी म्हणाले की तो बेशुद्ध होता, त्याला त्रास झाला नाही. तेव्हा दार उघडलं आणि नवरा बाहेर आला.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "हिला वाटतं तुम्हाला बरं वाटावं. तो शुद्धीत होता. आईचं नाव घेत होता. मी त्याला बोलतं ठेवलं, म्हटलं गाडी येतेय. गाडी आली, पण तिच्यात काही नव्हतं."

भावाचा चेहरा दगडासारखा झाला. तो उठला. एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं.

"म्हणजे एक जण त्याच्या उशाशी बसलेला, आणि दुसरी घरी बसून ऐकत होती. आणि माझा भाऊ श्वासाविना मेला. तुम्ही दोघं शिकलेली माणसं. काय उपयोग झाला तुमचा?"

भाऊ चहा तसाच ठेवून निघाला. चपला घालताना त्याच्या हातातली पिशवी दोनदा खाली पडली. मी उचलून द्यायला वाकले तर त्यानं ती माझ्या हातातून ओढून घेतली.

फाटक लागल्याचा आवाज आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "गुहागरला इथून गाडी कधी असते?"

"मी नाही येणार."

"तुला कोण म्हणालं ये?"

तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं एकटाच गेला. कधी येणार ते सांगितलं नाही, फोन केला नाही. परत आला तेव्हा उन्हानं चेहरा काळवंडलेला होता आणि डोळे सुजलेले. हातात एक कापडी पिशवी होती. ती त्यानं ओट्यावर ठेवली आणि अंघोळीला गेला.

पिशवीत आमसुलं होती, घरी वाळवलेली, वर्षभर पुरतील एवढी. दुकानातली नव्हती, त्या फिटरच्या घरून कुणीतरी दिलेली होती. तिथे काय बोलणं झालं ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बरणी धुऊन, कोरडी करून मी ती आमसुलं भरून ठेवली.